पानिपतावर पडलेला माणूस

परवा दाराला तेलरंग दिला आणि त्या वासानं मी थेट कळंबच्या शाळेत पोचले. तेव्हा मी तिसरीत होते. माझे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हेडमास्तरांनी त्यांना शाळेच्या भिंतीवर पानिपतची लढाई काढायला सांगितली. अब्बांनी सैनिकांना गावातल्याच माणसांचे चेहरे दिले.

दुसऱ्या दिवशी आडतीवरचे गणपतमामा तावातावानं आले. "पेंटरभाई, म्या जित्ता हाय अन् तुमी मला मारून टाकलं? बायको रडायलीय घरी!"

अब्बांनी हसत त्यांना घोड्यावर बसवलं. मग एकेक मेलेला सैनिक येऊन घोडा मागू लागला.

हेडमास्तर वैतागले. "अहो, मग पडलं कोण?"

अब्बांनी धुळीत आडवा एक सैनिक काढला, स्वतःच्या चेहऱ्याचा. मी दोन दिवस रुसले. आज मात्र त्याच्या मिशीखालचं हसू तेवढं आठवतं.