कमलची वाफ

माझ्या बायकोने मला सहा वर्षं गार जेवण घातलं, आणि जगाला गरम दाखवलं. हे मी भांडायला म्हणून लिहीत नाही, भांडायला आता समोर कोणी नाही. पण खरं ते खरं. ती गेली म्हणून मी तिला देवी करणार नाही. ते काम नातेवाइकांनी केलेलं आहे.

दहाव्याला जो येई तो एकच बोले. "कमलबाई अहेव गेली हो. भाग्याची. मळवट भरून गेली." एका पाहुण्याला मी सरळ विचारलं, "भाग्य तिचं, मग माझं काय?" तो टोपी सारखी करून चपला शोधायला लागला. मुलगा नितीन मला दंडाला धरून आत घेऊन गेला. मला लोकांचा राग येतो. ज्याला ती कधी नीट दिसली नाही, तो येतो आणि तिचं भाग्य सांगतो. म्हणून मी लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला. चुकलं तर समजून घ्या, नाही घेतलं तरी चालेल.

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. लग्न झालं आणि सुरतला आलो. मी पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये लागलो, तिथेच म्हातारा झालो. शेवटची बरीच वर्षं कलर किचनमध्ये होतो. कापडाचे रंग जिथे मापून कालवतात त्या खोलीला मिलमध्ये किचनच म्हणतात. कमल यावरून माझी मस्करी करायची. "तुम्ही पन रांधाच करतस. मन्हं लोकं खातस, तुमनं लोकं नेसतस." घरात ती शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. समोरच्या दारच्या हंसाबेनशी सुद्धा. हंसाबेन गुजरातीत बोलायची, ही अहिराणीत, आणि दोघींचं तासतास चालायचं.

मी रिटायर झालो आणि आम्ही भेस्तानला नितीनच्या फ्लॅटवर राहायला आलो. नितीन आणि सून अश्विनी दोघंही नोकरीला. सकाळी आठला घर रिकामं. मग आम्ही दोघं, आणि ओट्यावर तो मायक्रोवेव्ह.

तो अश्विनीने आणला. मी पहिल्या दिवशीच सांगितलं, हे जेवण शिजवायचं यंत्र नाही, हे जेवण फसवायचं यंत्र आहे. आमच्याकडे भरिताचं वांगं काड्यांच्या जाळावर भाजतात. इथे जाळ नाही, धूर नाही, आत एक पिवळा दिवा लागतो आणि ताटली गोल गोल फिरते. कमलला मात्र तो आवडला. पहिल्यांदा तिने त्यात कुरडई ठेवली, बिनतेलाची. काचेला नाक लावून उभी राहिली आणि ओरडली, "दखा, दखा, कशी फुलनी!" साठीची बाई, सर्कस बघितल्यासारखी.

मग सगळं त्यातच. पापड त्यात, शेंगदाणे त्यात, लसूण सोलायला सोपा जावा म्हणून तोही अर्धा मिनिट त्यात. एकदा हिरवं वांगं अख्खंच ठेवलं, भोकं पाडायची विसरली. फाडकन आवाज झाला. मी हॉलमधून धावलो. दार उघडलं तर वांगं सगळीकडे, छताला, भिंतीला, दिव्याला. मी म्हटलं, "झालं समाधान? आण फडकं." ती म्हणाली, "थांबा! हात नका लावू!" आणि मोबाइल आणायला पळाली.

त्या फुटलेल्या वांग्याचा तिने फोटो काढला. एक नाही, दहा-बारा. आतला पिवळा दिवा चालू ठेवून, दाराच्या फटीतून, खालून, वाकून. आणि पाठवून दिला खान्देशच्या बायकांच्या ग्रुपवर. कोणी पुण्याची, कोणी नाशकाची, निम्म्या आमच्या सुरतेतल्याच. खाली लिहिलं, वांग्याला आधी टोचा, नाहीतर हे असं होतं. बायका खूश. मी त्या दिवशी भरिताशिवाय जेवलो, आणि मायक्रोवेव्ह पण मीच पुसला. तिची पाठ धरली होती वाकून वाकून.

तिथून ते फोटोचं खूळ सुरू झालं. रोज बारा वाजता ताट वाढून तयार, मी बसलेलो, हात धुतलेला. आणि ती म्हणणार, "थांबा, हात नका लावू." मी म्हणायचो, "भूक लागली आहे." ती म्हणायची, "तुमले कसानी घाई शे? मिलना भोंगा वाजना का?"

मग ती कपडा शोधणार. मिलमधून मी आणलेले कटपीस तिने धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवले होते. ताटाखाली तो कपडा अंथरायचा. भाकरी इकडची तिकडे करायची. कांदा सरळ बसला नाही म्हणून दुसरा चिरायचा. तोपर्यंत भाजीवर साय धरायची. गार भाजीचा फोटो मेलेला दिसतो म्हणे. मग तिने ती युक्ती काढली. कुठल्या तरी व्हिडिओत बघितली असेल, पण तिच्या मते स्वतःचीच. वातींसाठी ठेवलेला कापूस घ्यायचा, पाण्यात बुडवायचा, काचेच्या वाटीत घालून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवायचा. तो कढत कापूस ताटाच्या मागे भाकरीआड लपवला की वाफा निघतात. फोटोत वाटतं, भाजी आत्ताच चुलीवरून उतरवली.

हे मला कळलं त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "वाफ कापसाची, भाजी गार, आणि देवाचा कापूस! लाज वाटत नाही? जगाला गरम आणि नवऱ्याला गार?"

ती अजिबात रागावली नाही. कापूस चिमट्याने उचलला आणि म्हणाली, "वाफ दिसनी म्हणजे मानूस हात पुढे करस. वाफ नही तर नुसतं भांडं शे." मग माझी वाटी उचलून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला लागली. मी हिसकावून घेतली. म्हटलं, मी गारच खाणार. आणि खाल्लं. सहा वर्षं खाल्लं, तिला दिसावं म्हणून. ती गरम करून द्यायला तयार असायची आणि मी घेत नव्हतो. हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं, पण राग आधी लिहिला गेला.

एकदा मी तिला विचारलं होतं, "हे कोणासाठी करतेस?" ती भांडी घासत होती, मागे न बघता बोलली. "इतला वरीस रांधं. तुम्ही खादं. सरनं. काय उरनं?"  मिलमध्ये मी रंगवलेला कपडा कुठे ना कुठे तरी बाईच्या अंगावर वर्षभर दिसतो. हिच्या हातचं तासाभरात संपत होतं. एवढं मला समजलं होतं. समजून मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला.

एक दिवस मात्र तिचं रडकं तोंड बघून मी उठलो. शेवभाजी केली होती, लाल तर्रीची, आणि फोटोत ती चिखलासारखी येत होती. मी म्हटलं, "अक्कल वापर. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो. खिडकीत ने. आणि लालखाली गुलाबी कपडा कोण घालतं? तो मोरपंखी काढ." तिने काढला. खिडकीत ताट ठेवलं. तर्री अशी उठून दिसली की मी पण दोन मिनिटं हात लावला नाही.  त्या दिवसापासून तिचं सगळं दुकान खिडकीत गेलं, आणि ताट वाढलं की एक डोळा माझ्याकडे. मी बोटाने दाखवायचो, विटकरी. किंवा, मेंदी नको, राखाडी घे. तोंडाने बोलायचो नाही. तोंड फुगलेलं असायचं ना.

आता त्या यंत्राचं एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काम झालं की तो तीनदा ओरडतो, टीं टीं टीं. दार उघडलं नाही तर मिनिटाने पुन्हा ओरडतो. उघडेपर्यंत ओरडतच राहतो. कमलने त्याला कधी दुसऱ्यांदा ओरडू दिलं नाही. कुठेही असो, बाल्कनीत कपडे वाळत घालत असो, फोनवर असो, पहिल्या हाकेला पळत यायची. मी चिडवायचो, "मी हाक मारली तर ऐकू येत नाही, डब्याने मारली तर पळते." ती म्हणायची, "हाक मारस ना ते बिचारं? मंग उठाले नको?"

पौषातला दिवस होता. सकाळीच आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, "आज फोटो काढलास तर मी जेवणार नाही." ती म्हणाली, "नका जेवू. फोटो तर काढसूच." मी हॉलमध्ये खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो. भरिताचा वास येत होता. मायक्रोवेव्ह घुरघुरत होता, म्हणजे कापूस ठेवला होता. मग तो ओरडला.

पुन्हा ओरडला. मी मनात म्हटलं, मला उठवायला मुद्दाम करते आहे. तिसऱ्यांदा ओरडला. मी मोठ्याने बोललो, "ओरडू दे! मी नाही उठणार!" चौथ्यांदा ओरडला. मी उशी कानावर घेतली.

पाचव्यांदा मी उठलो. मदत करायला नाही. शिव्या द्यायला उठलो.

ती ओट्याला टेकून खाली बसलेली होती. मोबाइल हातात. ताट खिडकीत मांडलेलं, खाली विटकरी कपडा. मी न सांगता तिने बरोबर काढला होता.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, क्षणात गेल्या. म्हणजे मी पहिल्या हाकेला उठलो असतो तरी उपयोग नव्हता. नितीन हेच सांगतो, सून हेच सांगते, हंसाबेन हात जोडून सांगते, "काका, तमारो कोई वांक नथी." माझा दोष नाही म्हणे. तुम्ही होता का तिथे? डॉक्टर होता? क्षणात गेली की चार मिनिटांत गेली हे एक मला माहीत असायला पाहिजे होतं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला समजूत नको. मला ती चार मिनिटं पाहिजेत.

सुतकाच्या दिवसांत त्या ग्रुपवरच्या सुरतेतल्या सात-आठ बायका आल्या. मी एकीलाही ओळखत नव्हतो. त्या मला ओळखत होत्या. एकीने पाया पडून विचारलं, "रंगवाले काका तुम्हीच ना?" मला काही कळेना. तिने मोबाइल काढून दाखवला. शेवभाजीचा तो फोटो, आणि खाली कमलने लिहिलेलं, रंग खिडकीत बघा, ट्यूबलाइटखाली नको, आमच्या यांनी सांगितलं. पुढचा फोटो, पुन्हा तेच, कपडा यांनी निवडला. पुढचा, यांनी निवडला. मी रोज तोंड फुगवून बोट दाखवत होतो, आणि ती रोज माझं नाव जगाला सांगत होती. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भांडलोच असतो, हे तिला माहीत होतं.

महिन्याभराने नितीन म्हणाला, "बाबा, तो मायक्रोवेव्ह देऊन टाकू. तुम्ही त्याच्या आवाजाला दचकता." मी त्याला नको ते बोललो. अश्विनी रडली. तिचं काय चुकलं, बिचारीने तर तो आणला. पण मी बजावलं, त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि मी स्वतःही लावला नाही. माझं जेवण मी गारच खात होतो. पहिलं खात होतो रागाने, आता कशाने, ते लिहिता येत नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खान्देशात हा मोठा सण. घरातलं माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात, आणि निखाऱ्यावर पुरणपोळी-तुपाचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. सुनेने सगळं केलं, सांजोऱ्या सुद्धा. कमलने तिला शिकवलेलं. घागर पाटावर ठेवली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, पुढे ताट वाढलं. नितीन बाल्कनीत गोवरी पेटवत होता. ती पेटेना. वारा होता. अर्धा तास गेला. पोळीवरचं तूप थिजलं, भजी मऊ पडली.

नितीन म्हणाला, "बाबा, राहू द्या, असंच टाकू. आईला काय, चालेल."

"थांबा," मी ओरडलो. "हात नका लावू."

 मी ट्रंक उघडली. पुरणपोळीच्या पिवळ्याखाली काय द्यायचं, हे मला कोणी सांगायला नको. गर्द जांभळा काढला. ताट उचलून खिडकीत नेलं, खाली कपडा सरळ केला. देवघरातून कापूस घेतला, पाण्यात बुडवला, काचेच्या वाटीत घातला. ओट्यासमोर जाऊन वाटी धरून उभा राहिलो. अश्विनी पुढे आली, "बाबा, मी करू का?" मी म्हटलं, "बाजूला हो." एक मिनिट लावलं. आत पिवळा दिवा लागला, वाटी फिरायला लागली. मी तिथून हललो नाही. काचेत माझंच थोबाड दिसत होतं, चिडलेलं.

टीं, झालं. दुसरी टीं व्हायच्या आत मी दार उघडलं.