कुंकू लागलेला डायनामो

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आमच्या बिल्डिंगखाली वडिलांची जुनी विलायती गाडी उभी असायची. तिचा डायनामो जळला आणि माझे रविवार नासले. नव्या गाड्यांचा एकही डायनामो तिला बसेना. मेकॅनिक म्हणाला, "भंगारात काढा आता." मला पटलं, वडिलांना नाही. मग सुट्टी आली की कुर्ल्याची भंगार गल्ली. कुठला डायनामो जाड, कुठला उलट फिरणारा. डोकं फिरायचं माझं.

शेवटी एका दुकानदाराने पोत्याखालून एक काढला. हुबेहूब आमच्यासारखा. वडिलांनी रुमालाने तेल पुसलं, तर खाली कुंकू, वर्षानुवर्षांचे थर. त्यांनी ते नखाने खरवडून पाहिलं. अशीच गाडी त्यांच्या मुलुंडच्या मित्राकडे होती. दसऱ्याला लोक बॉनेटवर हार घालतात; हा गृहस्थ बॉनेट उघडून डायनामोलासुद्धा कुंकू लावायचा. वडील त्याची टर उडवायचे. दोघांची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती.

"हा ज्या गाडीचा, ती कुठली?" वडिलांनी विचारलं.

"मुलुंडची. म्हातारा गेला, पोरांनी लगेच विकली. आम्हीच कापली."

मित्र गेल्याची बातमी वडिलांना अशी मिळाली.

दुकानदार बोलतच होता. "घ्या साहेब, परत मिळणार नाही. अशा दोनच गाड्या होत्या इकडे. दुसरी कुणाकडे आहे, पत्ता नाही."

"माझ्याकडे," वडील म्हणाले.

दुकानदाराने त्यांचे पिकलेले केस नीट न्याहाळले. मग त्यांना वगळून आपलं कार्ड माझ्या हातात ठेवलं.