वॉल्टरकाकांची काडतुसं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगतोय ते मन हलकं करायला वगैरे नाही — ती भाषा ऐकली की डोकं फिरतं माझं. चीड आलीय. स्वतःचीच.

२००४ साल. आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायचो, मी सॉफ्टवेअर कंपनीत. शेजारी वॉल्टरकाका — पंचाहत्तरीचे, एकटे, जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. 'काका' हे आमच्या मुलीने जोडलेलं. दरवर्षी हरणाच्या शिकारीला जायचे आणि काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरायचे, बंदुकीची दारू सोनारासारखी तोलून. टेबलावर दोन डबे — हरणासाठी जड गोळ्या, कायोटीसाठी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासाठी, हलक्या. हलकी गोळी हाडावर आपटली की फुटते, आत जात नाही, जनावर हाल होऊन मरतं. हे त्यांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. दहा वेळा! म्हणजे ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही.

मला शिकारीची हौस. कशासाठी? ऑफिसात फुशारकी मारायला, दुसरं काय! लायसन्स काढलं. काकांनी त्यांची रायफल दिली, स्वतः भरलेली वीस काडतुसं दिली. नेमबाजीच्या रेंजवर पहिलाच बार काढला आणि खांद्याला असा दणका बसला, की मी "आई गं!" म्हणून ओरडलो. शेजारचे दोघं हसले. तेव्हाच सरळ सांगायचं ना — झेपत नाही मला? पण ऑनसाइट आलेला आपला माणूस 'जमत नाही' म्हणतो कधी? मी गुपचूप दुकानातून हलक्या गोळीची काडतुसं आणली. दणका कमी. डब्यावर कायोटीचं चित्र होतं, हे एवढं मोठं.

नोव्हेंबरातली सकाळ. हरीण समोर आलं, मी बार काढला. खांद्यात लागला. पडलं नाही — तीन पायांवर पळालं. काका दुसऱ्या झाडाखालून येईपर्यंत मी रिकामं काडतूस खिशात घातलं. रक्ताचा माग काढता काढता दुपार झाली. ओढ्यात सापडलं तेव्हा जिवंत होतं. काकांनी ते संपवलं, मग जखम उघडून पाहिली. गोळीचा नुसता चुरा.

"ही तर हलकी गोळी," ते म्हणाले. "हे काडतूस मी भरलं?"

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. आणि मी काय म्हणालो? "तुमच्याच डब्यातलं होतं." बग निघाला की आधी समोरच्याचा कोड दाखवायचा — ऑफिसात हेच तर शिकलो होतो! उरलेली काडतुसं तोलून बघतो म्हणाले, तर म्हटलं, रेंजवर संपली. साफ खोटं. ती माझ्या कपाटात होती — एकूण एक बरोबर भरलेली.

आणि थांबा, याहून वाईट पुढे आहे. काकांची आई म्हातारपणी सगळं विसरत गेली होती; शेवटी त्यांनाही ओळखेना. आपलंही तसंच होईल, याची त्यांना धास्ती होती. मला हे माहीत होतं. माहीत असून मी तोंड शिवून बसलो. त्या दिवसापासून माणूस स्वतःवर पहारा ठेवायला लागला. कुलूप लावायचं, चार पावलं जायचं, परत येऊन ओढून बघायचं. काडतुसं भरायचं यंत्र कुणाला तरी देऊन टाकलं. मी खिडकीतून बघत होतो. नालायक मी! दहा पावलांवर दार होतं त्यांचं.

माझ्या मुलीला यातलं काही सांगू नकोस, काका म्हणाले, ती गाडीच्या किल्ल्या काढून घेईल. नाही सांगणार, मी म्हणालो — वर मोठेपणाने!

मार्चमध्ये त्यांनीच मुलीला फोन केला. ती ओहायोहून आली, घर विकायला काढलं. सामान ट्रकमध्ये चढवायला मी होतोच. निघताना काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. त्यांचं गुपित मी इतके महिने सांभाळलं, म्हणून.