पाकीट इथं उघडायचं नाही

शाल माझ्या बापाच्या खांद्यावर फोटो निघेपर्यंतच होती.

सोलापुरातलं मोठं सभागृह. पुढच्या रांगेत देणगीदार, पाहुणे, त्यांच्या बायका. लोककला महोत्सवाचा शेवटचा दिवस. "ज्येष्ठ हलगीवादक" म्हणून अप्पांना रंगमंचावर बोलावलं. शाल पांघरली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. अप्पा विंगेत आले. तिथं संस्थेचा एक कार्यकर्ता उभा होता. म्हणाला,

"काका, शाल द्या इकडं. पुढच्यांना घालायचीय."

अप्पांनी दिली. नुसती दिली नाही. घडी घालून दिली.

मी बाजूलाच उभी होते. गळ्यात त्याच संस्थेचं ओळखपत्र. मला वाटलं, कार्यकर्ता निदान मान खाली घालेल. त्यानं नारळासाठी दुसरा हात पुढं केला.

मी मैंदर्गीच्या मांगवाड्यातली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिली. वसतिगृहात राहून बी.ए. केलं आणि या कलासंस्थेत नोकरीला लागले. मला का घेतलं, ते मुलाखतीतच सांगितलं होतं. खेड्यातले कलावंत तुझ्या शब्दावर येतील म्हणून. मला तेव्हा तो मान वाटला. आणि खरंच, माझ्या शब्दावर सगळे आले. माझा बाप आला, घुमकं वाजवणारा चुलता आला, झांज वाजवणारा माझा भाऊ आला, सनईवाले रसूलचाचा आले.

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. कातडं तापवावं लागतं. आत जाळ चालत नाही म्हणून आमच्या माणसांना संडासामागं पाठवलं. ठीक आहे, जाळाचा नियम असेल. पण पुण्याहून आलेल्या तबलजीला आरशाची खोली आणि आमच्या चौघांना पार्किंगची पायरी, हा नियम कुणी काढला?

त्या दिवशी पाकिटं वाटायचं काम माझ्याकडं होतं. चिकटवलेली, वर नाव घातलेली. सचिवांनी मला बजावलं, "पाकीट इथं उघडायचं नाही म्हणून सांग सगळ्यांना. आणि एकमेकांना विचारायचं नाही. बरं दिसत नाही."

मी सांगत गेले. सगळ्यांनी मान डोलावली. गरीब माणूस पाकीट बघितलं की मान डोलावतोच.

मग चहाच्या टेबलापाशी तो तबलजी फोनवर बोलताना ऐकला. मोठ्यानं, बिनधास्त. "नाही रे, वीस हजार आणि गाडी. त्याच्या खाली मी घरातून निघतच नाही."

मी त्याच्यावर चिडले नाही. माणूस चांगला वाजवतो, घ्यावेत त्यानं. पण मी तशीच पार्किंगकडं गेले.

"अप्पा, पाकीट उघडा."

"घरी बघू की."

"आत्ता उघडा."

दोन हजार. चौघांत. मैंदर्गीहून आले ते जीपभाडं ज्याचं त्यानं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या खोलीत गेले. संस्थेच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणतात, त्यांना तसं आवडतं. मी उभ्यानंच विचारलं, "ताई, कुठल्या कलावंताला किती देतो आपण, ते सगळ्यांना आधी का सांगत नाही?"

ताई हसल्या. त्या कायम हसतात. "अगं, ही काय मंडई आहे का? आपण सेवा करतोय. तुझे वडील लग्नात वाजवायचे, त्यांना आपण रंगमंच दिला. त्याची किंमत कशी करणार?"

मी म्हटलं, "तबल्याची केलीत की."

तेव्हा हसू जरा कमी झालं. "हे बघ, जास्त हातात दिलं तर कुठं जातं ते तुला मी सांगायला नको. गुत्त्यावरच ना?"

माझा बाप दारू पीत नाही. पीत असता तरी ह्या बाईचा काय संबंध? तबलजीच्या खोलीतली बाटली संस्थेच्या खर्चानं आली होती. मीच पोचवली होती.

मी बाहेर आले. रडले नाही. नोकरीही सोडली नाही. बाहेर जाऊन दगड मारणं सोपं असतं, काच फार तर एक फुटते. मला आत राहायचं होतं. वर्षभर मी त्यांच्या पत्रिका छापून आणल्या, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं, ताईंना "हो ताई" म्हटलं. इतकं गोड बोलले की पुढच्या महोत्सवात समारोपाचं सूत्रसंचालन त्यांनी मलाच दिलं. खेड्यातली पोर, शिकलेली, शुद्ध बोलते. देणगीदारांना दाखवायला बरी.

आमच्यात एक रीत आहे. वरात संपली की हलगी जमिनीवर ठेवायची. नवरदेवाकडच्यानं पैसे तिच्या कातड्यावर टाकायचे, सगळ्या ताफ्यादेखत. नोट न् नोट उलगडायची. मग वाटे. जितकी माणसं तितके सारखे वाटे, आणि एक वाटा वाद्याचा, नव्या कातड्यासाठी. नवशिक्याला पण तेवढाच आणि अप्पांना पण तेवढाच. कुणी मूठ झाकली तर त्याला पुढच्या वरातीला बोलवत नाहीत. आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना हे कळतं. ट्रस्टवाल्यांना कळत नाही असं नाही. परवडत नाही.

तर समारोपाचा दिवस. सभागृह भरलेलं. मी नाव पुकारलं, आमचा ताफा रंगमंचावर आला. हलगी शेकून टणक झालेली. पाकिटं तासाभरापूर्वीच वाटून झाली होती. मी माईक हातात घेतला आणि अप्पांना म्हणाले, "अप्पा, हलगी खाली ठेवा."

अप्पांना लगेच समजलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. चिडले की ते कन्नडात जातात. ओठ न हलवता म्हणाले, "सुम्न कुंद्र." गप बस.

रसूलचाचा माझ्याजवळ सरकले. "बेटी, छोड दे ना. अगले बार बुलाते नै फिर."

मी बापाच्या हातातनं हलगी काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. रंगमंचाच्या मधोमध ठेवली. अप्पांच्या खिशातलं पाकीट ओढलं, फाडलं, नोटा कातड्यावर टाकल्या आणि माईकवर सांगितलं, "हलगीचा ताफा. चार माणसं. अडीच हजार. गाडीभाडं नाही. आता ज्यांना ज्यांना पाकीट मिळालंय त्यांनी इथं येऊन उघडावं."

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग मागच्या दारातून भारूड म्हणणारी शांताबाई आली. साठीची बाई. कमरेला खोचलेलं पाकीट काढलं, दातानं फाडलं. "माझं आठशे गं बाई! आनि पोरीला म्हनले, तू नुसती टाळ धरतीस, तुला कशाला?"

लोक हसले. मग हसायचे थांबले.

त्यानंतर आणखी दोघं आले. यंदाही आलेला तो पुण्याचा तबलजी पुढं आला नाही. तो मागच्या दारानं गाडीत जाऊन बसला. त्याचा गेल्या वर्षी ऐकलेला आकडा मीच सांगितला.

सचिवांनी माईक बंद करायला लावला. त्यांना वाटलं, झालं. माझा गळा वरातीत वाढलाय, त्याला माईक लागत नाही. मी तसंच विचारलं, "ताई, देणग्या कुणाच्या नावानं मागता?"

पुढच्या रांगेतला मोठा देणगीदार ताईंकडं वळला. "आम्ही तर कलावंतांसाठी म्हणून..."

"नंतर बोलू," ताई म्हणाल्या.

आणि त्यांचं ते हसू गळताना मी पाहिलं. सावकाश, रंग उडतो तसं. लई गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? इतका गोड घास मी आजवर खाल्लेला नाही.

हलगी तापलेली होती. आम्ही ती वाजवली नाही. गार होऊ दिली आणि उचलून निघालो.

संध्याकाळच्या आत मला कामावरून काढलं. ते मी धरूनच चालले होते. जे धरलं नव्हतं ते घरी झालं. उंबऱ्यात अप्पा म्हणाले, "त्यांनी मला हलकं केलं ते आत, विंगेत केलं. तू साऱ्या गावादेखत केलंस."

बापाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हेही मला माहीत आहे.

काही दिवसांनी सचिवांचा फोन आला. मला नाही, अप्पांना. ताफ्यातले चौघेही घरात बसले होते, आणि फोनमधला आवाज मला चुलीपाशी पुसट ऐकू येत होता. पुढच्या कार्यक्रमाला या, आठ हजार देऊ, पण हा आकडा आपल्यातच ठेवा.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्यात म्हंजी कुनात, साहेब? हितं आमी चौघं हाय की. थांबा, फोन मोठ्यानं लावतो. पुन्ना सांगा आकडा."

पलीकडून फोन कट.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हलगीच्या कड्यावरची धूळ पुसत बसले.

एवढ्यावर मी शांत होईन असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. लोक मला समजावतात. म्हणतात, पोरी, आता झालं ना, वाढवून देतायत ना, कडवटपणा सोड. संस्था बंद पडली तर कलेचं काय? मी म्हणते, कला त्यांच्या आधी होती. संस्था पडली तर पडू दे, मी खांदा द्यायला जाणार नाही.

मला वाढवून नको आहे. मला उघडं हवं आहे. कार्यक्रमाच्या आधी, सभागृहाच्या दारात फळा लावा. तबल्याचे किती, हलगीचे किती, टाळ धरणाऱ्या पोरीचे किती, ताईंचा पगार किती. शेजारीशेजारी लिहा. मग बघू कुणाला बरं दिसत नाही ते. तोवर या जिल्ह्यातला एकही लोककलावंत त्यांच्या रंगमंचावर चढू द्यायचा नाही. अक्कलकोट तालुका माझा फिरून झालाय. एकेका घरात जाऊन बसले, चहा प्याले, आकडे विचारले, आकडे सांगितले. कलावंत माझ्या शब्दावर येतात, हे त्यांचंच म्हणणं होतं. आता माझ्या शब्दावर येणार नाहीत.

हलगीवाले मिळेनात म्हणून त्यांनी मोडनिंबच्या एका संबळवाल्याला गाठलंय, असं कळलं. सोमवारी त्यांची गाडी तिकडं जाणार आहे. बंद पाकीट घेऊनच जाणार.

मी रविवारीच पोचणार आहे.