पुठ्ठ्यावरचे तीन कॉर्ड

घशात गाठी निघाल्या तेव्हा मी पनवेल तालुक्यातल्या हळदी गाजवत होतो. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये माझी मिमिक्री असायची. शाळेतले मास्तर, एसटीचा कंडक्टर, भाव पाडला म्हणून तापलेली मासळीवाली. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने तोंड बंद. नाहीतर कायमचं." डॉक्टर स्वतः नाकातून बोलायचे. काय भारी आवाज होता, आणि मला करता येत नव्हता!

स्टेज सोडायचं नव्हतं. दुसरं काही येतच नव्हतं. मला तळोज्याच्या कंपनीत चिकटवायला मामा टपलेलाच होता. मग म्हटलं, गाठी घशात आहेत, बोटांत नाहीत. कीबोर्ड शिकू.

आमच्या कीबोर्डवाल्या दादाला नोटेशन-बिटेशन येत नव्हतं. मी मोबाइलवर टाइप करून विचारलं, तर म्हणाला, "तीन-तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, झाला कॉर्ड. असे तीन कॉर्ड बसव, अर्धी लग्नं निघतात. माझा हात बघ."

बघितला. नकला करणारा समोरूनच बघतो, ती सवय. कीबोर्डच्या पलीकडे उभा राहून सगळं टिपलं: कुठली बोटं, मध्ये किती पट्ट्या सोडल्या, खांदा कुठे उडवला. घरी कीबोर्ड नव्हता. साडीच्या खोक्याच्या झाकणावर पट्ट्या काढल्या आणि महिनाभर पुठ्ठा बडवला. मी मुका, पुठ्ठाही मुका. आई म्हणायची, "अरे, जरा जोरात तरी आपट. घरात कोणी आहे असं वाटू दे."

रोडपालीच्या हळदीत दादा जेवायला उठला. मी खुणेनं विचारलं, बसू?

"बस. तीनच कॉर्डचं गाणं आहे."

ऐन नाचाचं गाणं. मी बोटं ठेवली आणि मांडवात कोणी वारल्यासारखे सूर निघाले. मशीन बिघडलं असेल म्हणून आणखी जोरात दाबलं. आणखी रडलं. नाचणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. नवऱ्याचा काका ओरडला, "अरं, आमी हलदीला आलोय का मयताला?"

मांडव हसून फुटला. शिट्ट्या, टाळ्या. नकला करणारा पोरगा, नवीन आयटम काढला असेल, असं वाटलं सगळ्यांना.

दादा उष्ट्या हातानं धावत आला. "समोर उभा राहून शिकलास ना? आरशातलं वाजवतोयस, येड्या! सगळं उलटं बसलंय, म्हणून रडतंय."

मला ओरडून सांगायचं होतं की मी खरंच वाजवत होतो. तोंड बंद.

ऑर्केस्ट्राचे मालक, आमचे शेठ, खूश. "हेच ठेव. दर हळदीला."

ठेवलं. सहा महिन्यांनी तोंड उघडलं तर मास्तर, कंडक्टर, मासळीवाली सगळे एकसारखेच खरखरले. तोवर दादाच्या शेजारी बसून मी तेच कॉर्ड सरळ बसवले होते. शेठना वाजवून दाखवले. स्वच्छ वाजले. शेठनी शेवटपर्यंत ऐकलं, हे मात्र मानतो.

"छान आहे रे. पण असं वाजवणारे चिक्कार मिळतात. तू नीट वाजवलंस तर तुला का नेऊ?"

पुढच्या हळदीत बसलो, बोटं उलटी ठेवली. पहिल्याच सुराला मांडव हसला. नवऱ्याची आई स्टेजवर आली आणि माझ्या गालाला हळद फासली. "लय हसवलंस रं बाला. आनखी येकदा कर."

केलं.