पिवळी घाणेरी

मला लोकांच्या चुका दुरुस्त करायची खोड आहे. चोवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून ती लागली, असं मी सांगते. लग्नाआधीपासूनच होती, असं नवरा सांगतो. लखनौत वृंदावन योजना नावाच्या नव्या वसाहतीत घर बांधून राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई पूजेसाठी पिवळी फुलं तोडताना दिसल्या. मी तिथंच त्यांना गाठलं आणि ऐकवलं, की ही खरी कण्हेर नव्हे, ही बिट्टी, हिची बी विषारी असते, नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. बाई “अच्छा, अच्छा” म्हणाल्या आणि पुढे महिनाभर मला पाहिलं की फाटकाआड जात राहिल्या.

आमच्या घराच्या मागे आणि डाव्या अंगाला तेव्हा सहा मोकळे प्लॉट होते. मालक कुणी दिल्लीत, कुणी दुबईत. प्लॉटांवर गुडघाभर गवत, मध्ये रुई, एरंड, काटेरी झरबेरी, आणि भिंतीच्या कडेनं अडुळसा. वर्ध्याकडे आमच्या गावच्या ओढ्याकाठी असायचा तोच. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा परक्या बाजारात गावाकडची बाई भेटावी तसं मला झालं. मी त्याचं एक पान चुरडून वास घेत उभी राहिले, आणि नवरा म्हणाला, “घरी चल, लोक बघून राहिले.”

त्या गवतावर एक बाई आपली गाय चारायची. योजनेच्या पोटात जे जुनं गाव शिल्लक राहिलंय, तिथली ती. तिचा नवरा ई-रिक्षा चालवायचा, ती दोन घरची धुणीभांडी करायची आणि चार घरी दूध घालायची. त्या चारांतलं एक घर आमचं. मला ती भाभी म्हणायची.

आमच्या फाटकाजवळ मी वांगी, मेथी, थोडी कोथिंबीर लावायचे आणि मोकाट जनावरं ती खाऊन जायची. इथं त्यांना ‘छुट्टा जानवर’ म्हणतात. तारेचं कुंपण त्यांनी आठवड्यात आडवं केलं. मग मला घाणेरी आठवली. नवरा अमौसीला विमानतळावर नोकरीत असताना आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि आवारात शोभेची पिवळी घाणेरी लावलेली होती. घाणेरीला जनावर तोंड लावत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. जुन्या माळ्याकडून मी फांद्या मागून आणल्या. तो म्हणाला होता, “मैडम, इसको भूल भी जाओगी तो मरेगी नहीं।” वर्षभरात छातीइतकं कुंपण झालं, बाराही महिने पिवळंधमक. माझी वांगी वाचली, आणि मी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले.

तिसऱ्या वर्षी मागच्या प्लॉटात रोपं दिसायला लागली. काळी फळं बुलबुल खातात आणि बी कुठंही टाकतात. पण ही फुलं पिवळी नव्हती. एकाच गुच्छात गुलाबी आणि नारिंगी, रानातल्यासारखी. बागेतल्या वाणाची बी पडली की पोरं अशी खापरपणजोबांवर जातात. मला त्याचं केवढं कौतुक! नवऱ्याला प्लॉटात उभं करून मी आनुवंशिकतेचा तास घेतला. ती रोपं तेव्हा दोन बोटांनी उपटून आली असती. माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत घाणेरीनं सगळे प्लॉट खाल्ले. आधी गवत गेलं, मग झरबेरी. अडुळसा एका कोपऱ्यात दोन काड्यांवर आला. ती बाई गायीला घेऊन झुडपांच्या फटीफटीतून हिंडवायची. एकदा दुधाचं माप रिकामं करताना तिनं मला विचारलं, “भाभी, ई झाड़ी गाय खा ले तो कुछ होगा तो नहीं?”

“जानवर इसको मुँह ही नहीं लगाता,” मी म्हटलं. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. आणि तिची म्हातारी गाय खरंच कधी लावत नव्हती.

गेल्या वैशाखात ती गाय आटली म्हणून तिनं बाराबंकीकडच्या माहेरून नवी आणली. तरुण, तांबडी-पांढरी, जरा बुजरी. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे विकास नगरातली तीन-चार मराठी कुटुंबं येणार होती. खिरीसाठी मी जास्तीचं दूध सांगून ठेवलं होतं. सकाळी बाई आली ती रिकाम्या हातानं.

“दूध नहीं है, भाभी. दो दिन से कुछ खा नहीं रही. धूप में खड़ी ही नहीं होती.”

मी तशीच तिच्याबरोबर गेले. गाय गोठ्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड घालून उभी होती. नाकपुड्यांवरची कातडी सोलून खाली लाल मांस दिसत होतं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. जनावरांचे डॉक्टर आलेलेच होते. त्यांनी विचारलं, कुठं चारतेस? बाईनं हातानं दाखवलं. ते बाहेर गेले, एक फांदी मोडून घेऊन आले.

“ये खाई है. नया जानवर है, पहचानता नहीं. ऊपर से भूखा. घास कहीं बची नहीं, तो यही खाएगा ना?”

त्यांच्या हातात गुलाबी-नारिंगी फुलांचा गुच्छ होता.

दुपारी घरी सगळे जमले. वंदना झाली, पंचशील झालं. प्राणिहिंसेपासून दूर राहीन, हे पहिलंच शील. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं. त्या दिवशी तिथं मी नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. खीर पाकिटाच्या दुधाची केली, छान झाली म्हणून सगळ्यांनी दोनदा घेतली.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, “ती घाणेरी माझी आहे.”

“अच्छा, मग? पूर्ण यूपीत घाणेरी आहे. सगळी काय तूच लावली?”

“या सहा प्लॉटांतली मीच.”

त्यानं खिरीच्या वाट्या गोळा केल्या. मग म्हणाला, “काहून जिवाला लावून घेते? सांगितल्यानं गाय जगणार आहे का?” मला त्याचा भयंकर राग आला. कारण मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

गाय अकरा दिवस जगली. मी रोज जात होते. औषध नेलं, दारावर टांगलेल्या गोणपाटावर पाणी मारलं, डॉक्टरांना फोन केले. रोज घरातून निघताना ठरवायचे, आज सांगायचं. तिथं पोचले की बाई म्हणायची, “आप कितना करती हैं, भाभी,” आणि मी न सांगताच पुन्हा गोणपाटावर पाणी मारायला लागायचे. मला तिथं उभं राहायची लाज वाटायची आणि घरी थांबायचीही.

गायीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. बाई दारात बसली होती. समोर दावं पडलेलं होतं. मी शेजारी बसले तशी ती आपणहून बोलायला लागली.

“गलती हमारी है. उस दिन देर हो रही थी, भूखी ही बाँध दिए झाड़ी में और काम पर चले गए. मायके की गाय थी. अम्मा ने अपने हाथ से रस्सी पकड़ाई थी.” ती रडत नव्हती. तेच तेच पुन्हा सांगत होती, भूखी बाँध दिए, भूखी बाँध दिए.

ते मला ऐकवेना. मी म्हटलं, “वो झाड़ी मैंने लगाई थी. मेरे फाटक से ही फैली है सब.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. “अरे नहीं भाभी. आपकी तो पीली वाली है, शोभा वाली. ये तो जंगली है, गुलाबी. इसको कौन लगाता है? अपने आप उगती है.” तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आप काहे अपने सिर लेती हैं?”

आता एकच वाक्य सांगायचं उरलं होतं, की पिवळीच्याच बीतून गुलाबी निघते. दहावीच्या पोरांना मी ते खडूनं फळ्यावर काढून दहा मिनिटांत समजावलंय, वर्गातल्या ढ मुलालाही. तिला कळलं असतं. आणि तिनं विश्वासही ठेवला असता. माझ्या शब्दावर ती नेहमीच विश्वास ठेवत आली होती.

पण माझा जीव भांड्यात पडला होता. तो पुन्हा बाहेर काढायची मला हिंमत झाली नाही.

“हाँ,” मी म्हटलं, “अपने आप ही उगती है.”

ती मान हलवत दाव्याकडे पाहत राहिली. मग पुन्हा म्हणाली, “गलती हमारी ही है.” आणि मी ते ऐकून घेतलं.