ओटाची पुरचुंडी

मलकापूर स्टेशनवर उतरले तेव्हाच परत फिरावंसं वाटत होतं. सोबत सहा वर्षांची माझी मुक्ता. अंगभर इसब, आणि खाजवू नये म्हणून दोन्ही हातांत मोजे. गेल्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिच्या गुडघ्यामागे मीच बिब्बा लावला होता. कातडी भाजली, काळा डाग राहिला. तेव्हापासून गावठी औषध म्हटलं की मी लांबूनच हात जोडते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी पाणीसुद्धा फुंकत होते.

बसने घाट चढला, दुपारी अमडापूर आलं. नणंदेच्या ओळखीच्या कमलाबाई म्हशींसाठी ओट पेरतात. गव्हासारखा हिरवागार चारा. त्याच्या पाण्याने खाज निवते म्हणे. दाराशी पोचले आणि मुक्ताला मागे ओढलं. चौकटीला लिंबू, मिरच्या आणि खाली टपोरा बिब्बा.

"काऊन भेऊन राह्यल्या, बाई? तो नजरेसाठी हाय," दारात येत कमलाबाई म्हणाल्या.

"हिला बिब्बा लावला होता," मी म्हणाले. कुणी, ते गिळलं.

बाईंनी ओटाची कोवळी ताटं उकळली. दळलेले ओट फडक्यात बांधून ती पुरचुंडी त्याच पाण्यात, ते कोमट झाल्यावर, पिळली. दुधट, बुळबुळीत पाणी सुटलं. मुक्ता मोजे काढायला लागली.

"थांब माय. आधी माह्या हातावर. जेवणं होईस्तोर पाहू, लाल होते का."

पुरचुंडी त्यांनी स्वतःच्या हातावर चोळली. भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी समोर आली, पण माझी नजर त्या हातावरून हलेना. तिथे कोपराजवळ जुना, सुरकुतलेला डाग होता.

"मायनं लावला होता बिब्बा," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत हाताकडे पाहे, पन बोले नाही काही."

हात लाल झाला नाही. मग मुक्ताची अंघोळ झाली. मी तिच्या पाठीकडे पाहत होते. पाठ शांत राहिली. डॉक्टरांचं मलम बंद करू नका, असं बाईंनी दोनदा बजावलं.

परतीच्या बसमध्ये मोजे माझ्या पर्समध्ये होते. तरी मी तिचे हात घट्ट धरून बसले होते. घाट उतरताना कसंबसं म्हटलं, "मुक्ता, तो डाग माझ्यामुळे झालाय."

"माहितीये," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. "रात्रभर फुंकर पण तूच घालत होतीस ना."

मी तिचे हात सोडले.